हाताची ऊब आणि होकायंत्राची सुई

माझे वडील जीप चालवतात. चिपळूणहून कऱ्हाडला जाणारी उतारू मंडळी आणि त्यांची गाठोडी घेऊन सकाळी कुंभार्ली घाट चढायचा आणि संध्याकाळी तोच घाट उतरायचा, हा त्यांचा गेल्या वीस-बावीस वर्षांचा क्रम आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एकदा मी त्यांच्याबरोबर होतो. पोफळी मागे टाकून आम्ही चढाला लागलो आणि अर्ध्या घाटात इंजिन तापले. अण्णांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडले, आणि इंजिन निवेपर्यंत आम्ही सगळे सावली शोधून बसलो. तासाभराने रेडिएटरमध्ये पाणी ओतून निघायला लागलो, तर बॅटरी बसलेली. शेवटी अण्णांनी गाडी मागे उताराला सोडून रिव्हर्स गिअरवर चालू केली.

त्या वेळी कपाळावरचा घाम पुसत अण्णांनी मला एक प्रश्न विचारला. इंजिन इतके तापते की हात लावला तर चटका बसतो, आणि त्याच गाडीत बॅटरीला वीज पुरत नाही. मग त्या उष्णतेचीच वीज का करता येऊ नये, एवढेच त्यांना विचारायचे होते. मी तेव्हा नुकतीच द्वितीय वर्ष कला शाखेची परीक्षा दिली होती. विज्ञानाशी माझा संबंध दहावीपर्यंतचा. पण अज्ञान जितके मोठे तितका आवाज मोठा, या न्यायाने मी हसलो. उष्णता ती उष्णता आणि वीज ती वीज, असे काहीतरी मी उतारूंच्या देखत बोललो. अण्णा गप्प बसले. त्यांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि कऱ्हाड येईपर्यंत ते त्या विषयावर बोलले नाहीत.

पुढच्या वर्षी कालिदासाच्या शाकुंतलावर निबंध लिहिण्यासाठी मी जर्मन महाकवी गटे याचे चरित्र वाचायला घेतले. शाकुंतलाचा जर्मन अनुवाद 1791 मध्ये प्रसिद्ध झाला आणि गटे त्यावर लुब्ध झाला, ही हकिकत आपल्याकडे साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. मी तेवढ्यापुरतेच वाचणार होतो. परंतु वाचता वाचता गटेच्या मित्रमंडळात एक नाव आढळले : थॉमस योहान सीबेक. तळटीपेत एकच वाक्य होते. उष्णतेपासून वीज मिळते हे ज्याच्या प्रयोगामुळे जगाला कळले, तो हा माणूस. ते वाचताना मला कुंभार्ली घाट आठवला आणि खरे सांगतो, मान खाली गेली. शाकुंतलावरचा निबंध अपुरा राहिला आणि मी सीबेकच्या मागे लागलो. त्याचे जे चरित्र मला उमगले ते वाचकांपुढे ठेवतो.

सीबेकचा जन्म 9 एप्रिल 1770 रोजी रेव्हाल या बंदरात झाला. आज आपण ज्याला टालिन म्हणतो, एस्टोनिया देशाची राजधानी, तेच हे शहर. त्या काळी ते रशियन साम्राज्यात होते, मात्र तिथले व्यापारी घरात जर्मन बोलत. सीबेकचे वडील अशांपैकीच एक श्रीमंत व्यापारी. मुलाने वैद्यक शिकावे अशी त्यांची इच्छा होती. त्याप्रमाणे तो बर्लिन आणि गॉटिंगेन येथे शिकला, 1802 मध्ये गॉटिंगेनहून वैद्यकाची पदवीही घेतली. पण त्याचे मन रोग्यांच्या नाडीपेक्षा काचेच्या नळ्यांत आणि लोहचुंबकांत अधिक रमले. घरच्या संपत्तीमुळे पोटाची चिंता नव्हती. वैद्यकीचा धंदा बाजूला ठेवून त्याने आयुष्यभर पदार्थविज्ञानाचे प्रयोग केले. असे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते, आणि आलेच तर ते सार्थकी लावणारे त्याहून थोडे!

पदवी मिळाल्यावर तो येना या गावी राहायला आला. त्या काळचे येना म्हणजे जर्मन विचारांची पंढरीच. तत्त्वज्ञ शेलिंग आणि हेगेल तिथे होते, विजेवर प्रयोग करणारा रिटर तिथे होता, आणि जवळच्या वायमारहून गटेचे येणेजाणे होते. या मंडळींची एक श्रद्धा होती. निसर्गातल्या सर्व शक्ती मुळात एकच आहेत, आणि जिथे तिथे दोन विरुद्ध ध्रुवांच्या ओढाताणीतून त्या प्रकट होतात, असे ती मानत. चुंबकाला दोन ध्रुव, विजेला धन आणि ऋण, प्रकाशाला अंधार. आपल्याकडे वेदान्त वाचलेल्या माणसाला हा विचार परका वाटणार नाही. सीबेकच्या मनावर या श्रद्धेचा ठसा कायमचा उमटला. त्याच्या हातून जे मोठे झाले आणि जे चुकले, त्या दोहोंचे मूळ मला तरी या येनामध्येच दिसते.

गटे त्या वेळी रंगांवर एक मोठा ग्रंथ लिहीत होता. पांढऱ्या प्रकाशात सर्व रंग दडलेले असतात हे न्यूटनचे म्हणणे त्याला पटत नव्हते. प्रकाश आणि अंधार यांच्या सीमेवर रंग जन्मतात, असे तो मानी. कवीला प्रयोगशील सोबती हवा होता आणि तो सीबेकच्या रूपाने मिळाला. दोघांनी मिळून कितीतरी प्रयोग केले. लोलकातून पडणारे रंग सीबेकने सिल्व्हर क्लोराइडच्या ओल्या थरावर घेतले, तेव्हा त्या थराला जागोजाग त्या त्या रंगाशी मिळतीजुळती छटा चढलेली त्याला दिसली. ही नोंद 1810 साली गटेच्या ग्रंथाबरोबर छापली गेली. छायाचित्रणाची कला जगापुढे आली ती 1839 मध्ये. म्हणजे रंगीत छायाचित्राची चाहूल सीबेकला जवळजवळ तीस वर्षे आधी लागली होती. परंतु ते रंग टिकवून धरण्याची युक्ती त्याच्यापाशी नव्हती आणि ती गोष्ट तिथेच राहिली.

मधल्या काळात 1806 च्या ऑक्टोबरमध्ये येनाच्या वेशीवर नेपोलियनने प्रशियाच्या सैन्याचा धुव्वा उडवला. सीबेक 1810 मध्ये बायरॉइटला आणि 1812 मध्ये न्यूरेम्बर्गला गेला. न्यूरेम्बर्गला हेगेल एका शाळेचा मुख्याध्यापक होता आणि दोघांचा घरोबा तिथेही चालू राहिला. ताण दिलेल्या काचेतून प्रकाश जाताना ज्या रंगीत आकृती दिसतात त्यांचा सीबेकने येथे अभ्यास केला. त्याबद्दल पॅरिसच्या विज्ञान अकादमीने 1816 मध्ये ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाबरोबर त्याला पारितोषिक दिले. 1818 मध्ये बर्लिनच्या अकादमीने त्याला सभासद करून घेतले आणि तो राजधानीत स्थायिक झाला. बर्लिनमध्ये न्यूटनचा पक्ष मानणारेच सगळे. तिथे गेल्यावर गटेच्या रंगविचाराची बाजू सीबेकने उघडपणे घेतली नाही. म्हाताऱ्या कवीला हे लागले आणि जुन्या स्नेहाला ओहोटी लागली.

आता मुख्य प्रसंगाकडे वळतो. 1820 च्या उन्हाळ्यात कोपनहेगनच्या अर्स्टेडने जाहीर केले की विजेचा प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते. सबंध युरोपात खळबळ उडाली. वीज आणि चुंबकत्व यांचे नाते पहिल्यांदाच डोळ्यांना दिसले होते. ज्याच्या मनात सर्व शक्तींच्या एकतेची श्रद्धा मुरलेली, तो सीबेक स्वस्थ कसा बसणार? त्या काळी वीज मिळे ती व्होल्टाच्या घटातून, म्हणजे दोन धातू आणि त्यांच्यामध्ये आम्लाने वा मिठाच्या पाण्याने भिजलेला थर यांच्यापासून. सीबेकने मनाशी विचार केला की ओला थर काढून टाकला आणि दोन धातू नुसते एकमेकांना टेकवले, तर काय होईल?

1821 साली त्याने बिस्मथ धातूचा एक तुकडा तांब्याच्या पट्टीच्या वेटोळ्याला जोडला. वेटोळ्याच्या पोटात होकायंत्राची सुई ठेवली. सांधा नीट जुळावा म्हणून तो हाताने दाबून धरला. सुई हलली. ओला थर नाही, आम्ल नाही, तरी सुई हलली! दुसरा कोणी असता तर दोन धातूंच्या स्पर्शानेच वीज येते असे लिहून मोकळा झाला असता. सीबेक तसा घाईचा माणूस नव्हता. त्याच्या लक्षात आले की आपण हाताने दाबतो तेव्हाच सुई हलते. मग हातातले असे काय त्या धातूत जाते? हाताचा ओलावा? त्याने हात आणि धातू यांच्यामध्ये दुसऱ्या वस्तू ठेवून पाहिल्या. ऊब सांध्यापर्यंत पोचली तर सुई हले, न पोचली तर हलत नसे. शेवटी हात बाजूला ठेवून त्याने एक सांधा दिव्यावर तापवला, तेव्हा सुई कितीतरी जास्त वळली. एक सांधा गरम आणि दुसरा थंड, एवढाच फरक पुरेसा होता. तळहाताची ऊब ती किती, आणि तेवढ्यावरून या माणसाने निसर्गाचा एक नवा नियम ओळखला!

पुढचे काही महिने त्याने एखाद्या सोनाराच्या चिकाटीने काम केले. जो धातू, जी मिश्रधातू, जे खनिज हाती लागेल ते तो तपासत गेला. कोणता धातू सुईला कोणत्या बाजूला आणि किती वळवतो याची त्याने एक क्रमवार यादी बनवली. तिच्या एका टोकाला बिस्मथ आणि दुसऱ्या टोकाला टेल्युरियम. अकादमीपुढे त्याने 1821 च्या उत्तरार्धापासून ही माहिती मांडली, आणि पुढे अकादमीच्या ग्रंथात ती सविस्तर छापली गेली.

इथपर्यंत चरित्र वाचताना मन आनंदित होते. पुढे मात्र असे काही घडते की वाचक चक्रावतो. ज्याने हा शोध लावला त्याला आपण काय शोधले हेच कळले नाही. नव्हे, इतरांनी सांगितले तरी त्याने मानले नाही. सीबेकच्या मते उष्णतेच्या फरकाने धातू थेट चुंबक बनत होते. सुई हलली म्हणजे चुंबकत्व आले, विजेचा संबंधच नाही. अर्स्टेडने आणि इतरांनी लगेच ओळखले की उष्णतेमुळे त्या वेटोळ्यात विजेचा प्रवाह वाहतो आणि सुई हलते ती त्या प्रवाहामुळे. वेटोळे कुठेही तोडले की सुई जागेवर येते, मग हा प्रवाह नव्हे तर काय? अर्स्टेडने या घटनेला उष्मविद्युत या अर्थाचे नाव दिले. सीबेकला ते नाव अखेरपर्यंत रुचले नाही.

त्याचा हा हट्ट कशापायी होता? मला वाटते, त्याच्या डोळ्यांपुढे फार मोठे स्वप्न होते. पृथ्वी विषुववृत्ताशी तापलेली आणि ध्रुवांशी गोठलेली आहे. तिच्या पोटात धातू आणि खनिजे आहेत, ज्वालामुखींची आग आहे. आपल्या टेबलावरच्या बिस्मथ-तांब्याच्या कड्यात जे घडते तेच साऱ्या पृथ्वीत घडत असेल, आणि म्हणूनच होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळत असेल, असे त्याने मानले. येनामधल्या तरुणपणीच्या श्रद्धेला याहून सुंदर फळ कोणते? पृथ्वीच्या चुंबकत्वाचे कोडे सुटल्याचा आनंद एका पारड्यात आणि एक क्षीणसा विजेचा प्रवाह दुसऱ्या पारड्यात, अशी तुलना झाल्यावर त्याने सुंदर पारडे निवडले. ते चुकीचे निघाले.

या चुकीची किंमत मोठी होती. पुढे रशियन शास्त्रज्ञ इयॉफे याने दाखवून दिले की सीबेकने तपासलेल्या पदार्थांपैकी योग्य जोडी निवडली असती, तर उष्णतेच्या सुमारे 3 टक्के भागाची वीज त्याच काळात करता आली असती. त्या वेळच्या वाफेच्या इंजिनांची मजलही याहून फार लांब नव्हती. पण ज्याच्या हाती ही यादी होती तो विजेचा विचारच करत नव्हता. आणि 1831 मध्ये लंडनला फॅरेडेने चुंबकाच्या हालचालीपासून वीज मिळवली. पुढे जगाने तोच मार्ग धरला. पोफळीच्या वीजघरात कोयनेचे पाणी जी जनित्रे फिरवते ती फॅरेडेच्या वंशातली. सीबेकचा वंश मात्र मागे पडला.

तरी तो खुंटला नाही. 1826 मध्ये ओहमने विजेचा सुप्रसिद्ध नियम सिद्ध केला तो बिस्मथ आणि तांबे यांचा सांधा वापरून, कारण घटातली वीज कमीजास्त होई आणि सीबेकच्या सांध्याची वीज स्थिर राही. योगायोग असा की याच ओहमचा पुढे ध्वनीच्या प्रश्नावर सीबेकच्या मुलाशी, ऑगस्टशी, मोठा वाद झाला. 1834 मध्ये पेल्तियेने उलटा परिणाम दाखवला. वीज सोडली तर एक सांधा थंड आणि दुसरा गरम होतो. आज साखर कारखान्याच्या बॉयलरपासून लोखंडाच्या भट्टीपर्यंत तापमान मोजायला जे थर्मोकपल वापरतात ते सीबेकचेच अपत्य. 1950 नंतरच्या दशकात सोव्हिएत खेड्यांत रॉकेलच्या दिव्याच्या काचेभोवती असे सांधे बसवून रेडिओ ऐकत. आणि 1977 मध्ये सोडलेली व्हॉयेजर याने, जिथे सूर्यप्रकाश फार क्षीण असतो तिथे, किरणोत्सर्गी पदार्थाच्या उष्णतेतून याच रीतीने वीज मिळवून पृथ्वीशी बोलत राहिली.

आता अण्णांच्या प्रश्नाकडे येतो. मोटारीच्या इंजिनात जेवढे इंधन जळते त्याचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग चाके फिरवायला येतो. एक तृतीयांश रेडिएटरच्या पाण्यातून आणि उरलेला सायलेन्सरच्या धुरातून वाऱ्यावर जातो. धूर कित्येकशे अंश तापलेला आणि रेडिएटरचे पाणी त्या मानाने थंड. म्हणजे सीबेकला हवा तसा एक गरम सांधा आणि एक थंड सांधा प्रत्येक गाडीत तयारच आहे! या दोहोंच्या मध्ये योग्य पदार्थांच्या जोड्या बसवल्या की वीज मिळावी. बिस्मथ आणि टेल्युरियम यांच्या संयुगापासून एका अंशाला सुमारे 200 मायक्रोव्होल्ट मिळतात. एका जोडीची वीज क्षुल्लक, पण शेकडो जोड्या एकापुढे एक लावल्या तर बॅटरी भरता येते. गंमत पाहा, सीबेकच्या यादीची दोन टोके एकत्र आली तेव्हा हा पदार्थ झाला.

असे प्रयत्न झालेही आहेत. 1963 पासून याची यंत्रे बनली, 1988 मध्ये एका जर्मन पोर्शे गाडीवर प्रयोग झाला, आणि 2011 च्या सुमारास बीएमडब्ल्यू आणि फोर्ड यांच्या प्रायोगिक गाड्यांवर काहीशे वॅट वीज मिळाली. पण बाजारातल्या गाड्यांत ते आले नाही. कारण एकतर धुरातल्या उष्णतेचा जेमतेम विसावा भाग हाती लागतो. जो पदार्थ वीज चांगली वाहतो तो बहुधा उष्णताही वाहून नेतो, मग गरम बाजू आणि थंड बाजू यांतला फरकच बुजतो. तापून-निवून सांधे तडकतात, धुराच्या वाटेत अडथळा होऊन इंजिनावर भार येतो, आणि टेल्युरियम फार दुर्मीळ आहे. आता तर विजेवर चालणाऱ्या गाड्याच आल्या आहेत. म्हणजे अण्णांचा प्रश्न बरोबर होता, फक्त त्याचे उत्तर महाग होते.

सीबेकचा शेवट 10 डिसेंबर 1831 रोजी बर्लिनमध्ये झाला. त्याच्या आधी महिनाभर, 14 नोव्हेंबरला, हेगेल गेला होता. पुढच्या वर्षी 22 मार्चला गटे गेला. येनामधल्या त्या मैफलीतले तीन जण पाच महिन्यांच्या आत उठून गेले. तिघांचीही निसर्गाबद्दलची कितीतरी मते आज कोणी मानत नाही. पण गटेची कविता उरली, हेगेलचा विचार उरला आणि सीबेकचा प्रयोग उरला. अर्थ चुकला तरी प्रामाणिकपणे केलेली नोंद फुकट जात नाही, हे मला या चरित्रातून समजले. सीबेकला आपल्या शोधाचे नाव पटले नाही. आज जग त्या शोधाला त्याच्याच नावाने, सीबेक परिणाम म्हणून, ओळखते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी ही सारी हकिकत अण्णांना सांगितली. घाटातल्या त्याच वळणावर मी त्यांना गाडी थांबवायला लावली होती. डोक्यावरून पोफळीच्या विजेच्या तारा गेल्या होत्या, बॉनेट तापलेले होते. मी त्या दिवशी हसलो ते चुकले, हेही सांगितले. अण्णांनी सगळे ऐकून घेतले. त्या साहेबाने हात बाजूला काढून पाहिला हे बरे केले, एवढेच ते म्हणाले, आणि त्यांनी आपला तळहात क्षणभर गरम बॉनेटवर ठेवला. मग आम्ही पुढे निघालो.